तुमचे मागे बांधलेले हात

अहो, परवापासून घरात येणारा प्रत्येक माणूस तुम्हाला शांत म्हणतोय आणि माझं डोकं उठलंय. "गुरुजी म्हणजे काय शांत माणूस हो. कधी कुणाला वेडंवाकडं बोलले नाहीत." सोसायटीतले, तुमच्या शाळेतले, माझ्या रेल्वेतले, सगळ्यांचा एकच सूर. मी मान हलवते, पाण्याचा पेला पुढे करते. कुणाकुणाला सांगू की तुम्ही शांत नव्हतात, तुम्हाला गप्प केलं होतं? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मी त्यातली दुसरी या घरात रोज पाहिली आहे.

शांत माणूस वर्गात बेडूक होतो का? कैनाडच्या शाळेत होतात तेव्हा मी एकदा रजा काढून डबा द्यायला आले होते. दारातून पाहिलं तर तुम्ही पहिलीच्या पोरांमध्ये उड्या मारत होतात आणि पोरं हसून लोळत होती. एक लहानगी तुमच्या कडेवर होती. तिला ताप होता आणि तिची आई शेतावर गेली होती, म्हणून दिवसभर ती कडेवरच. दुसऱ्या हातात खडू. मला बघून तुम्ही लाजलातसुद्धा नाही. "ये, ये," म्हणालात, "बस. तू बगळा हो."

मी रोज तुम्हाला दोन रुमाल द्यायची, आठवतं? एक तुमचा आणि एक पोरांच्या नाकांचा. दुसरा धुताना मी शंभर वेळा कटकट केली असेल. तुम्ही म्हणायचात, "अगं, शेंबडं नाक घेऊन अक्षर कसं शिकणार?" डोंगराकडच्या पाड्यांवर तुम्ही सगळी नोकरी काढलीत. किती पोरांचे हात धरून पाटीवर गिरवून घेतलंत, किती जणांना ओढ्यातून खांद्यावर बसवून आणलंत. बदलीसाठी एकदाही कुणाच्या दारात गेला नाहीत.

आणि अशा माणसाची कॉलर धरली त्या लोकांनी.

त्या दिवसाबद्दल आपण कधी धड बोललो नाही. मी विषय काढला की तुम्ही "जाऊ दे" म्हणायचात. आज मी बोलणार आहे. आज तुम्हाला मध्येच "जाऊ दे" म्हणता येणार नाही.

तलासरीचं ते दुकान हायवेला लागून नवंच झालं होतं. दुमजली, खाली किराणा आणि वर कपडे. सगळे त्याला मॉल म्हणायचे. माझ्या भाचीच्या लग्नात आहेराला चादरी घ्यायच्या म्हणून आपण एसटीने गेलो. लग्नसराई चालू होती, वरच्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी चादरींच्या ढिगात शिरले आणि तुम्ही नेहमीसारखे कंटाळून बाजूला जाऊन उभे राहिलात. पुढचं तुम्हीच मला नंतर तुटक तुटक सांगितलंत, तेवढंच मला माहीत आहे.

लहान मुलींचे फ्रॉक टांगलेल्या स्टँडखाली एक मुलगा बसला होता. तीनेक वर्षांचा. रडून रडून आवाज बसलेला. आजूबाजूने एवढी माणसं जात होती, पिशव्या त्याच्या डोक्याला घासत होत्या, पण खाली कुणी बघत नव्हतं. तुम्ही बघितलंत. उकिडवे बसलात. नाव विचारलंत तर तो फक्त "मम्मी" म्हणाला. तुम्ही रुमाल काढून त्याचं नाक पुसलंत. निवृत्त होऊन वर्षं झाली होती तरी दुसरा रुमाल तुमच्या खिशात होताच. त्याला घेऊन तुम्ही वरच्या मजल्यावर एक फेरी मारलीत. "हे कुणाचं बाळ?" म्हणून विचारत फिरलात. कुणी ओळख दिली नाही. कपडे दाखवणारी मुलगी म्हणाली, "काका, खाली काउंटरवर न्या, तिथे माईक आहे."

म्हणून तुम्ही त्याचा हात धरून जिना उतरलात. काउंटर होतं दुकानाच्या मोठ्या दाराला लागून.

एवढंच. एवढाच तुमचा गुन्हा. वरवर पाहणाऱ्याला काय दिसलं असेल ते मलाही कळतं. सावळा, दाढी वाढलेला म्हातारा, खांद्याला झोळी, आणि तो रडणाऱ्या पोराला दाराकडे नेतोय. त्या दिवसांत फोनवर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज फिरत होते. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरही आले होते. तुम्हीच तिथे लिहिलं होतंत, "खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नये."

मी वरून आरडाओरडा ऐकला. "पकडा, पकडा!" असं कुणी तरी ओरडत होतं. मला वाटलं, कुणी पाकीटमार असेल. माझ्या हातात निळी चादर होती. मी दुकानदाराला म्हटलंसुद्धा, "बरं झालं, पकडला." मग कठड्यावरून खाली वाकून पाहिलं तर माणसांच्या घोळक्यात तुमचं पांढरं डोकं.

जिना उतरताना मी किती जणांना ढकललं असेल कोण जाणे. पोचले तेव्हा दारावरच्या वॉचमनने तुमचा हात पाठीमागे पिरगळून धरला होता आणि तो विचारत होता, "ऐ चाचा, बच्चा किधर लेके जा रहा था?" एका तरुण माणसाने तुमची कॉलर धरली होती. तुमचा चष्मा कुठे तरी पायाखाली गेला होता. तुमच्या गालावर बोटं उठली होती. बाकीचे फोन वर धरून उभे होते. त्या पोराची आई पोराला छातीशी धरून किंचाळत होती, "दाराकडे नेत होता! मी बघितलं, दाराकडे नेत होता!"

आणि तुम्ही हळू आवाजात, वर्गात एखाद्याला गणित समजावून सांगावं तसं सांगत होतात, "काउंटरवर नेत होतो. माईक आहे ना तिथे. काउंटरवर."

मी ओरडले, "सोडा त्यांना! माझे मिस्टर आहेत ते!" तेव्हा कुणी तरी म्हणालं, "ही बाई पण यांच्यातलीच आहे." अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली आपल्या, आणि आपल्या दोघांना एकत्र काय समजलं गेलं बघा.

यमुना आली नसती तर काय झालं असतं? मी हा विचार किती वेळा केला असेल. ती तुमची विद्यार्थिनी, कुठल्याशा पाड्यावरची. लेकराला पाठीला बांधून ती खाली तेल घ्यायला आली होती. माणसांतून घुसत आली आणि त्या तरुणाच्या मनगटावर तिने जोरात हात मारला. "सोड! आमचे गुरुजी आहेत ते! मला अक्षर यांनी शिकवलं!" तिच्या ओळखीचे आणखी दोघं-तिघं होते, तेही पुढे आले. मग त्या तरुणाने तुमची कॉलर सोडली. सोडली आणि हाताने सारखी केली, जणू काही फक्त इस्त्रीच बिघडली होती.

मला त्या आईचा राग येतो का? तिच्या किंचाळण्याचा नाही येत. पोर हातातून सुटलं की आईचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. भीती मला कळते. भीती उतरल्यावर माणसं जे करतात ते मला कळत नाही. तिला समजलं होतं. समोर सगळं स्पष्ट झालं होतं. वरून कपडे दाखवणारी मुलगीही आली होती, सांगत होती की मीच काकांना खाली पाठवलं. तरी ती बाई तुमच्याकडे बघून म्हणाली काय? "आजकाल कुणाचा भरवसा नाही. मी काय चुकीचं केलं?" आणि पोराला घेऊन गेली. वॉचमन दारावर जाऊन उभा राहिला. फोन खिशात गेले. मॅनेजर आला, एक कोल्ड्रिंकची बाटली तुमच्या हातात दिली आणि म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका. पब्लिक आहे."

माफ करा, असं एकाही तोंडातून निघालं नाही. एकाही.

आणि तुम्ही ते कोल्ड्रिंक प्यायलात! उभ्या उभ्या सगळं संपवलंत आणि त्याला "थँक यू" म्हणालात. मला ती बाटली त्याच्या काउंटरवर फोडावीशी वाटत होती. त्या "थँक यू"साठी मी अजून तुम्हाला माफ केलेलं नाही.

बाहेर एसटीची वाट बघताना मी म्हटलं, "पोलीस स्टेशनला चला."

"कशाला?"

"मारलंय तुम्हाला."

"मुलगा आईला मिळाला ना? जाऊ दे. तिच्या जागी मी असतो तर मीसुद्धा ओरडलो असतो."

"ओरडला असतात. मारलं असतंत?"

तुम्ही डहाणूच्या दिशेला तोंड करून बस येते का ते बघत राहिलात. समोरून ट्रक जात होते. माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही त्या दिवशी दिलं नाहीत, पुढेही दिलं नाहीत. आता देणार नाही. पण प्रश्न माझ्याकडे तसाच आहे, हे तुम्हाला सांगून ठेवते.

दोन-तीन दिवसांत तो व्हिडिओ आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. छोटासाच होता. तुमची कॉलर, तुमचा चेहरा, त्या आईचा आवाज. यमुना येण्याच्या आधीच तो संपत होता. वर लिहिलं होतं, "तलासरीत मुलं पळवणारा पकडला, सावध राहा." तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्याच्याखाली लिहून विचारलं, "हे आपले गुरुजी नाहीत ना?" मग मी लिहिलं, आपल्या लेकीने, प्राजूने, पुण्याहून लिहिलं, लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. पण असल्या गोष्टी खुलाशाच्या मागे थांबत नाहीत. डहाणूत आगरच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो तेव्हा तिथली बाई तुमच्याकडे एकटक बघत होती. तुम्ही सुरमई न घेताच वळलात.

तेव्हापासून तुम्ही दुकानात हात मागे बांधून चालायला लागलात. मला आधी वाटलं, कंबर दुखत असेल. मग एक दिवस बेकरीत एक पोरगी धावत येऊन तुमच्या पायाला आदळली. तुम्ही असे मागे सरकलात की काउंटरवरची बरणीच पडली असती. दोन्ही हात पाठीमागे घट्ट, एकात एक अडकवलेले. वर धरून दाखवायचे तेवढे बाकी होते. त्या दिवशी मला कळलं की कंबर नाही.

सोसायटीच्या ओट्यावर तुमच्याकडे गणितं सोडवायला येणाऱ्या पोरांना तुम्ही "येऊ नका" म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, "आईला बरोबर घेऊन या." आया संध्याकाळी कशा येणार? त्यांच्या चुलीवर भात असतो. आठवड्याभरात पोरं बंद झाली. तुम्ही मला सांगितलंत, "परीक्षा संपल्या असतील."

आणि ओवी. तेही आज बोलतेच. आपली सख्खी नात, मे महिन्यात पुण्याहून आली होती. खालच्या दुकानात बर्फाचा गोळा घ्यायला तिला आजोबांबरोबरच जायचं होतं. तुम्ही म्हणालात, "आजीला ने."

प्राजू म्हणाली, "बाबा, तिला तुमच्याबरोबर जायचंय. दोन मिनिटांचं काम आहे."

तुम्ही पेपरमधून डोकं वर न काढता म्हणालात, "वाटेत तिने हट्ट केला, रडली, आणि कुणी विचारलं ही तुमची कोण, तर मी काय दाखवू?"

प्राजूचा चेहरा मला अजून दिसतो. ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने तुम्हा दोघांचा फोटो छापून आणला आणि तुमच्या पाकिटात ठेवला. आपल्याच नातीचा आजोबा असल्याचा पुरावा, खिशात! तो फोटो तुम्ही नीट जपलात. पण तिला घेऊन खाली उतरला नाहीत ते नाहीतच. मी गेले. गोळा आणला. ओवीने तो अर्धाच खाल्ला.

माझा तुमच्यावर संताप व्हायचा, तो काही खोटा नव्हता. इराणी रोडवरच्या त्या बांगड्यांच्या दुकानासमोर आपण भांडलो ते आठवा. दुकानाच्या पायरीवर एक मुलगी एकटीच उभी राहून रडत होती. मी तिच्याकडे वळले तर तुम्ही माझा दंड धरलात. "चल. आपलं नाही ते." मी हात सोडवून घेतला. मुलीला कडेवर घेतलं, दुकानात नेलं, मालकाला हाका मारायला लावल्या. तिची आजी आतून धावत आली, पोरीला घेतलं आणि मला म्हणाली, "देव तुमचं भलं करो, बेन." माझ्या गालावरून हात फिरवला तिने. मालकाने बसायला स्टूल दिलं.

तुम्ही रस्त्याच्या पलीकडे एका बंद दुकानाच्या फळीला टेकून भलतीकडे बघत होतात. तुम्ही जे केलं होतंत तेच मी केलं होतं. नाक पुसलं, हात धरला, मोठ्या माणसांकडे नेलं. तुम्हाला थप्पड आणि मला आशीर्वाद. घरी येऊन मी विचारलं, "का ओढत होतात मला?"

"तू बाई आहेस," तुम्ही म्हणालात.

"मग?"

"मग काही नाही."

मी बरंच बोलले त्यावर. माणसाने असं विझून कसं चालेल, वगैरे. तुम्ही चहा ठेवलात. मला वाटलं, यांच्यातलं ते गेलंच आता. रडणारं मूल दिसलं की जे उसळून यायचं, ते त्या लोकांनी मारून टाकलं. मी हे धरूनच चालले होते. तुम्ही गेलात त्या दुपारीसुद्धा. तुम्ही खुर्चीतच गेलात, हाक मारायलासुद्धा वेळ दिला नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला हसूच आलं. ते बंद पडायला कधीपासून सुरुवात झाली होती हे त्यांना काय माहीत, असं माझ्या मनात आलं.

मग काल हंसाबेन भेटायला आली. स्टेशनजवळच्या त्या मोठ्या दुकानात भाजी वजन करून द्यायला बसते ती. तुम्हाला ओळखायची, तुम्ही नेहमी तिच्याकडूनच वजन करून घ्यायचात. फोटोसमोर बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "बेन, काकांनी तुम्हाला सांगितलं असेल ना, ते छोकरीचं?"

"कुठल्या छोकरीचं?"

तिने सांगितलं. मागच्याच महिन्यातलं. दुकानाच्या मागच्या बाजूला माल उतरवायचं शटर आहे, ते उघडं होतं. एक दोन-अडीच वर्षांची मुलगी आईपासून सुटून भाज्यांच्या बाजूने तिकडे गेली. बाहेर गल्लीत टेम्पो मागे येत होता. तुम्ही कांदे निवडत होतात. पिशवी तिथेच टाकलीत आणि मुलीच्या पुढे जाऊन शटरच्या मधोमध उभे राहिलात. हात पाठीमागे बांधून. हंसाबेन म्हणाली, "मुलीला हात नाय लावला. नुसते उभे, भिंतीसारखे. ती इकडून जायला बघायची तर काका इकडे, तिकडून बघायची तर तिकडे."

तुम्ही तिथल्या एका माणसाला सांगितलंत, "मूल एकटं आहे, माईकवर सांगा." तो "हो, सांगतो" म्हणून गेला तो गेलाच. हमाल गोणी खांद्यावर घेऊन ओरडत होते, "ओ म्हातारबा, बाजूला व्हा ना!" एकाने शिवी दिली. तुम्ही हलला नाहीत. पोरीने तुमची पँट धरली, वर घ्या म्हणून हात पसरले. हंसाबेन म्हणते, तेव्हा काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण हात मागेच. पोरगी मग खाली बसून एका बटाट्याशी खेळायला लागली आणि तुम्ही तिच्यावर लक्ष ठेवून तसेच उभे.

मग तिची आई आली. तिने काय पाहिलं? पोर जमिनीवर, घाणीत, आणि समोर एक माणूस हात बांधून बघतोय. ती तुमच्यावर तुटून पडली. "केव्हापासून शोधतेय मी! तुम्ही नुसते बघत उभे राहिलात? हात धरून आणून देता येत नव्हतं? काही माणुसकी आहे की नाही?" बाजूचा एक जण म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, हल्ली कुणाला कुणाचं पडलेलं नसतं."

आणि तुम्ही तिला म्हणालात, "चुकलं."

मग कांद्याची पिशवी उचलून, वजन करून घेऊन घरी आलात. मला काय सांगितलंत? "कांदे चांगले मिळाले आज."

मी हंसाबेनला विचारलं, "तू बघत होतीस ना? मग तेव्हा का नाही बोललीस?" ती रडायला लागली. लाईन होती म्हणाली, काटा सोडून उठता येत नाही म्हणाली. मी तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं की नाही ते मला माहीत नाही. मला तेव्हा कुणालाच जवळ घ्यायचं नव्हतं.

तुम्हालाही नाही. एवढं झालं आणि तुम्ही मला "कांदे" सांगता? मी तुमची कोण होते? या बायकोने तुमच्यासाठी तलासरीला गर्दी फाडली होती. तुम्हाला वाटलं असेल, ही पुन्हा भांडायला निघेल. निघालेच असते! त्याच पावली निघाले असते. आणि मी काय समजत बसले होते? की तुमच्यातलं ते मेलं म्हणून! हात लावला तर चोर, नाही लावला तर दगड. दोन्हीच्या मध्ये जी बोटभर जागा उरली होती तिथे तुम्ही उभे राहिलात, शिव्या खात. आणि हे मला भाजीच्या काट्यावरच्या बाईकडून कळतं. तुम्ही गेल्यावर.

आज सकाळी मी चप्पल घातली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, दिवस झाले नाहीत अजून. बाहेर कुठे निघालीस?" मी म्हटलं, "यांचं एक काम राहिलंय."

हंसाबेनच्या दुकानाचा मॅनेजर चांगला बोलला सुरुवातीला. "ऐकून वाईट वाटलं मॅडम." मी विचारलं, "मूल हरवलं तर तुमच्याकडे काय करतात?"

"माईकवर अनाउन्समेंट करतो."

"त्या दिवशी केली होती?"

त्याने कुणाला तरी विचारलं, परत आला. "त्या दिवशी माईकवर ऑफर चालू होती, मॅडम."

"आणि मागचं शटर?"

"तो भाग पब्लिकसाठी नाहीच आहे. मूल तिकडे गेलं तर ती पालकांची जबाबदारी."

"आणि जो माणूस मध्ये उभा राहिला त्याची जबाबदारी कुणाची?"

तो घड्याळाकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मला तुमचा माईक द्या, एक मिनिट." तो म्हणाला, "माईक स्टाफसाठी आहे, मॅडम. तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

अहो, मी तिकीट खिडकीच्या काचेमागून उभा जन्म लोकांना ओरडून सांगितलंय की सुटे द्या, गाडी उशिरा आहे, बोर्डी रोडचं तिकीट वेगळं. मला माईक कशाला हवा? मी तिथेच वळले, बिलाच्या रांगांकडे तोंड केलं आणि सांगितलं.

"मागच्या महिन्यात या दुकानात एक म्हातारा माणूस मागच्या शटरमध्ये उभा होता. एका लहान मुलीला टेम्पोखाली जाऊ द्यायचं नाही म्हणून. तिच्या आईने त्याला माणुसकी विचारली आणि तो 'चुकलं' म्हणाला. त्याचं काहीही चुकलं नव्हतं. तो माझा नवरा होता. तो आता नाही. त्याचं ते 'चुकलं' मी मागे घेतेय."

बिलाची मशिनं थांबली होती. एका बाईने ट्रॉलीत बसवलेल्या पोराला उगाचच जवळ ओढलं. मॅनेजर "मॅडम, मॅडम" करत होता. मग मशिनं पुन्हा सुरू झाली. रांगेतल्या एका मुलीने मला अदबीने विचारलं, "आजी, तुमचं बिल करायचंय का? पुढे या."

"नाही," मी म्हटलं, "मला एवढंच सांगायचं होतं."

मी दाराकडे निघाले आणि एकदा मागे वळून पाहिलं. अगदी शेवटी, भाज्यांच्याही पलीकडे, शटरपाशी दोन हमाल खांद्यावर गोणी तशाच धरून माझ्याकडे बघत थांबले होते. तिथपर्यंत ऐकू गेलं होतं, अहो.